तुटत्या तारेतला रेणू: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

२४ जून २०२४

नवी वही. काम एका वाक्यात सांगता येतं: सोन्याची तार ताणत ताणत तोडायची, तुटलेल्या दोन टोकांमध्ये एकच रेणू अडकला तर त्यातून किती करंट जातो ते मोजायचं. करताना मात्र वर्षभर पुरेल एवढं आहे.

एकटा रेणू वीजमंडलाचा भाग होऊ शकतो ही कल्पना १९७४ सालची. अविराम आणि रॅटनर यांनी तेव्हा कागदावर एक रेणू मांडला. त्याचं एक टोक इलेक्ट्रॉन सहज देणारं, दुसरं सहज घेणारं, मध्ये न वाहणारा तुकडा, म्हणजे डायोडसारखा एकाच दिशेने वाहणारा. प्रत्यक्ष रेणूला दोन बाजूंनी सोन्याची टोकं टेकवून मोजमाप केल्याचा गाजलेला पेपर यायला १९९७ उजाडलं. तो रीड, टूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांचं तंत्र आम्ही वापरणार आहोत तेच: मधोमध खाच पाडलेली सोन्याची तार लवचीक पट्टीवर चिकटवायची आणि पट्टी खालून दाबून वाकवायची. पट्टी वाकते, तार ताणली जाते, तुटते. दाब काढला की टोकं पुन्हा जुळतात.

मॅडमनी रेणू ठरवून दिलेत. अल्केन डायअमाइनची मालिका, म्हणजे मध्ये कार्बनची साधी साखळी आणि दोन्ही टोकांना अमाइन. चार कार्बनचा ब्युटेन, सहाचा हेक्झेन, आठचा ऑक्टेन. टोकाला गंधक असलेले थायॉल सोन्याला घट्ट धरतात, पण नाना तऱ्हांनी धरतात, आणि प्रत्येक तऱ्हेची वाहकता वेगळी येते. अमाइन सैल धरतं, पण ठरावीक जागीच. त्यामुळे आकडे कमी विखुरतात. २००६ साली कोलंबिया विद्यापीठात लता वेंकटरामन यांच्या गटाने हे दाखवून दिलं.

२ जुलै २०२४

तार ०.१ मिलिमीटर व्यासाची, ९९.९९ टक्के शुद्ध. मागवलेली तार यायला उशीर होता म्हणून घरच्या ओळखीच्या सोनारांकडे चौकशी केली. ते भोकांच्या पोलादी पट्टीतून इतकी बारीक तार सहज ओढतात. त्यांनीच विचारलं, "ताई, शुद्ध सोन्याची तार कशाला? दागिन्यात टिकत नाही, मऊ असते." मला ती मऊच हवी आहे. तुटण्याआधी लांबून लांबून एका अणूइतकी बारीक होते, ती त्या मऊपणामुळेच. त्यांच्या तारेवर सरावापुरत्या खाचा पाडल्या. मोजमापाला मागवलेलीच वापरणार.

पट्टी फॉस्फर ब्राँझची, अर्धा मिलिमीटर जाड. तिच्यावर कॅप्टॉन या वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर, त्यावर तार, खाचेच्या दोन्ही अंगांना अराल्डाइटचे दोन थेंब, मधलं अंतर जेमतेम ०.२ मिलिमीटर. हे थेंब ठेवायला तीन दिवस गेले. थेंब पसरून खाचेत गेला की पट्टी बाद. आज अकरावी पट्टी जमली. कार्यशाळेतल्या काकांनी सुईला लाकडी मूठ बसवून दिली आणि सांगितलं, "अराल्डाइट कालवल्यावर दहा मिनिटं थांब, मग लाव. पातळ असताना घाई केलीस की ते पळतंच." ते दहा मिनिटं थांबणं कुठल्याही पेपरात लिहिलेलं नव्हतं.

पट्टीची जाडी, थेंबांतलं अंतर आणि दोन टेकूंमधलं अंतर यांवरून हिशेब केला, तर खालचा दट्ट्या एक मायक्रोमीटर वर गेला की फट दीड नॅनोमीटर वाढायला हवी. म्हणजे जाडेभरडे हात अणूच्या मापात आणण्याची सोय या वाकण्यात आहे.

९ जुलै २०२४

आज सोन्याच्या पायऱ्या दिसल्या.

तार तुटायला येते तेव्हा वाहकता सलग उतरत नाही, टप्प्याटप्प्याने उतरते. शेवटचा टप्पा ७७.५ मायक्रोसीमेन्सचा, म्हणजे १२.९ किलोओहमचा. यालाच जी-शून्य म्हणतात: इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा वर्ग, त्याची दुप्पट, भागिले प्लांकचा स्थिरांक. सोन्याचा एकच अणू मध्ये उरला की इलेक्ट्रॉनला जायला एकच वाट उरते आणि ती जवळजवळ पूर्ण उघडी असते. आमच्या १०० मिलिव्होल्टवर हा करंट ७.७५ मायक्रोअँपिअर. पडद्यावर सपाट रेघ, मग एकदम कोसळणं. वायर, सोल्डर, कडप्प्याची फरशी, तिच्याखाली फुगवलेल्या स्कूटरच्या ट्यूबा, एवढ्या सामानातून निसर्गाचा एक स्थिरांक समोर आला. मी अर्धा तास नुसती तार तोडत आणि जोडत बसले होते.

पुढचं महत्त्वाचं: तुटल्यावरही करंट शून्य होत नाही. फटीतून टनेलिंगने, म्हणजे मध्ये वाट नसतानाही इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतात त्यामुळे, जातो आणि फट साधारण एक अँगस्ट्रॉमने, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्श्याने, वाढली की दहापट घटतो. या उतारावरून फटीचं माप लावलं. दीड नव्हे, साडेतीन नॅनोमीटर प्रति मायक्रोमीटर निघाले. हिशेबातल्या सूत्रापेक्षा प्रत्यक्ष आकडा दुप्पट-तिप्पट येतो असं इतरांनीही नोंदवलंय. यापुढे मोजलेलाच वापरायचा.

एकदा तार तोडून घेतलेल्या मोजमापाला आम्ही "ओढ" म्हणतो. आज १,२०० ओढी.

१८ जुलै २०२४

गुरुवार, वीज बंद. वाचन.

बेंझीन डायथायॉल हा एकच रेणू घ्या. १९९७ च्या पेपरात त्याचा रोध सुमारे २२ मेगाओहम. २००४ साली ताओ यांच्या गटाने मोजला तेव्हा वाहकता जी-शून्याच्या ०.०११ पट, म्हणजे सव्वा मेगाओहमच्या आत. रेणू तोच, धातू तोच, फरक वीसपटीच्या आसपास. कारण प्रत्येक ओढीत सोन्याची टोकं वेगळ्या आकाराची, रेणू वेगळ्या कोनात. शू आणि ताओ यांनी २००३ साली वाट काढली ती अशी की एका ओढीवर विसंबायचंच नाही. द्रावणात बुडवून हजारो वेळा टोकं जोडायची, तोडायची आणि सगळ्या ओढींचा एक हिस्टोग्राम करायचा, म्हणजे कुठली वाहकता किती वेळा दिसली याचा आलेख. रेणूचा आकडा म्हणजे त्या हिस्टोग्राममधला उंचवटा. तोही अणकुचीदार नसतो, पसरट असतो, आणि ते पसरणं हाही रेणूबद्दलचाच मजकूर आहे.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: ओढी निवडायच्या नाहीत. जेवढ्या घेतल्या तेवढ्या हिस्टोग्राममध्ये जाणार. सुंदर पायरी असलेल्या वीस ओढी कुठल्याही कचऱ्यातून वेचता येतात.

२५ जुलै २०२४

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्याकडच्या वस्त्यांत शिरलंय. माझी सहकारी तिकडेच राहते, तिचं कुटुंब वरच्या मजल्यावर सुखरूप आहे. काम बंद.

३० जुलै २०२४

हवेत इतका ओलावा की कॅप्टॉनवरून करंट गळत होता. तार तोडून फट चांगली मोठी केली तरी काही नॅनोअँपिअर दिसत. पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून रात्रभर बल्ब लावला. सकाळी गळती गेली.

मग पहिला रेणू. ब्युटेन डायअमाइन सत्तावीस-अठ्ठावीस अंशांना वितळतं, त्यामुळे बाटलीत अर्धं गोठलेलं, अर्धं पातळ. वास सडक्या मांसाचा, कारण सडणाऱ्या मांसात तयार होणारं प्युट्रेसिन ते हेच. हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढून घेतं, म्हणून बाटली उघडून लगेच बंद केली आणि ट्रायक्लोरोबेंझीनमध्ये ताजं पातळ द्रावण केलं.

२,००० ओढी. जी-शून्याच्या खाली पायऱ्या. हिस्टोग्राममध्ये जी-शून्याच्या ०.००१३ पटीला उंचवटा, स्वच्छ, ठसठशीत. छापील आकडा ०.००१ च्या जरा खाली. म्हणजे अगदी शेजारी. संध्याकाळी गटाच्या बैठकीत आलेख दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी फोन केला तेव्हा आईला इतकंच म्हटलं की दिसला. तिला कळलं.

५ ऑगस्ट २०२४

हेक्झेन डायअमाइन. साखळीत एक कार्बन वाढला की करंट सुमारे अडीचपट घटायला हवा, कारण या साखळीतून इलेक्ट्रॉन वाहत नाहीत, टनेलिंगने पार होतात. दोन कार्बन म्हणजे सहापटीहून जरा जास्त. उंचवटा ०.०००१५ च्या आसपास अपेक्षित.

आला ०.००१३ ला.

तिथेच, त्याच आकाराचा. प्रथम वाटलं जुनं द्रावण राहिलं असेल. भांडं चार वेळा धुतलं, नवी पट्टी लावली. पुन्हा ०.००१३.

६ ऑगस्ट २०२४

मॅडमनी आलेख पाहिला आणि एकच विचारलं, "कोऱ्या द्रावकात घेतलंस का?"

नव्हतं घेतलं. सोन्याच्या पायऱ्या घेतल्या त्या हवेत. रेणू न घातलेल्या द्रावकात एकही ओढ घेतलेली नव्हती. आज घेतल्या, १,५००. उंचवटा ०.००१३ ला. रेणू नाही आणि उंचवटा आहे.

३० जुलैचा आलेख रेणूचा नव्हता. बैठकीत जे दाखवलं ते खरं नव्हतं. गटाला संध्याकाळीच पत्र लिहिलं की तो आलेख मागे घेते, कारण शोधते आहे. लिहायला दोन तास लागले.

८ ऑगस्ट २०२४

गुरुवार, पण जनरेटरवर काम केलं. थांबवेना.

विचार असा केला. उंचवटा रेणूचा असेल तर तो ठरावीक वाहकतेला येईल, व्होल्टेज काहीही असो. उपकरणाचा असेल तर ठरावीक करंटला येईल. कोऱ्या द्रावकातच व्होल्टेज बदलून पाहिलं.

१०० मिलिव्होल्टला ०.००१३.
५० मिलिव्होल्टला ०.००२६.
२०० मिलिव्होल्टला ०.०००६५.

तिन्ही ठिकाणी करंट एकच, १० नॅनोअँपिअर. उपकरण.

दुसरी कसोटी वेगाची. रेणूची पायरी अंतरात ठरावीक लांबीची असते, कारण ती रेणूच्या लांबीवर ठरते. हळू ओढलं तर पायरी जास्त वेळ टिकते एवढंच. आमची पायरी उलट वागली. ५० नॅनोमीटर प्रति सेकंद वेगाला ती ०.२ नॅनोमीटर लांब, दुप्पट वेगाला ०.४, चौथाई वेगाला ०.०५. म्हणजे वेळेत कायम ४ मिलिसेकंद. रेणूला घड्याळ नसतं. हे घड्याळ इलेक्ट्रॉनिक्समधलं.

मग कागदावर मंडल काढून बसले. आमचा ॲम्प्लिफायर दोन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात एक मायक्रोअँपिअरला एक व्होल्ट. दुसरा टप्पा त्याची हजारपट करतो, म्हणजे १० नॅनोअँपिअरला त्याचा १० व्होल्टांचा माथा गाठला जातो. सोन्याची टोकं जुळलेली असताना दुसरा टप्पा माथ्याला टेकलेलाच असतो. तेव्हा आम्ही पहिल्याचं वाचन घेतो, आणि करंट १० नॅनोअँपिअरखाली गेला की संगणक दुसऱ्याकडे वळतो. तार तुटते, करंट क्षणात कोसळतो, संगणक वळतो, पण माथ्याला टेकून संपृक्त झालेला दुसऱ्या टप्प्याचा ऑप-ॲम्प (करंटचं वाचन मोठं करणारी चिप) माथ्यावरून खाली यायला ४ मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ तो १० नॅनोअँपिअरच सांगत राहतो. सेकंदाला वीस हजार वाचनं, म्हणजे प्रत्येक ओढीत ऐंशी खोटी वाचनं, सगळी एकाच आकड्यावर. २,००० ओढींत एक लाख साठ हजार. उंचवटा ठसठशीत असणारच होता.

१० नॅनोअँपिअर हे जी-शून्याच्या ०.००१३ पट. ब्युटेनच्या छापील आकड्याच्या अगदी शेजारी. उंचवटा भलत्याच जागी आला असता तर मी त्याच दिवशी शोधायला बसले असते. हव्या त्या जागी आला म्हणून बसले नाही. हे मला विसरायचं नाही.

१४ ऑगस्ट २०२४

दोन टप्प्यांचं मंडल काढून टाकायचं, लॉगॅरिदमिक ॲम्प्लिफायर बांधायचा. फीडबॅकमध्ये रोधाऐवजी ट्रान्झिस्टर. करंट दहापट बदलला की त्याच्यावरचं व्होल्टेज ६० मिलिव्होल्टने सरकतं. १० मायक्रोअँपिअर ते १० पिकोअँपिअर हा सगळा पल्ला एकाच वाचनात मावतो, सांधा नाही, माथा नाही. तापमानाने आकडा सरकतो म्हणून एकाच तुकड्यावरची ट्रान्झिस्टरची जोडी लागते, एक मोजायला, एक भरपाईला. बुधवारात पासोड्या विठोबाजवळ सहा दुकानं फिरले, सातव्यात मिळाली. दुकानदारांनी जुन्या डब्यातून काढून दिली आणि काय बनवतेस म्हणून विचारलं. सांगितल्यावर त्यांनी जास्तीची एक जोडी पदरची दिली.

२१ ऑगस्ट २०२४

कॅलिब्रेशन. तारेच्या जागी माहीत असलेले रोध लावले: १३ किलोओहम, १००, मग १ मेगा, १०, १००, १ गिगा. सहाही बिंदू एका रेषेत. मात्र लॉग ॲम्प्लिफायर कमी करंटला मंद होतो. १०० पिकोअँपिअरच्या खाली तो मागे पडतो हे रोध उघडून-बंद करून मोजलं आणि वहीत लाल शाईने लिहिलं: या रेषेखालचं काहीही वेगात मोजायचं नाही.

संध्याकाळी सातनंतर नदीपात्राकडून ढोल. पथकांचे सराव सुरू आहेत. फरशी आणि ट्यूबा बरंच अडवतात, पण ढोलाचा ठोका टनेलिंगच्या उतारावर दातऱ्यांसारखा उमटतो. ठेका इतका नियमित की फुरिये रूपांतर (मिसळलेल्या लयी वेगळ्या करणारं गणित) घेतल्यावर त्याचं टोक वेगळं दिसतं. पाच वर्षं मी स्वतः ताशा वाजवलाय, तेव्हा तक्रार नाही. मोजमाप रात्री अकरा ते पहाटे पाच.

२८ ऑगस्ट २०२४

कोरा द्रावक, नवा ॲम्प्लिफायर, ३,००० ओढी. जी-शून्याला सोन्याचा उंचवटा, त्याच्या खाली सपाट मैदान. कुठेही काही नाही. आजवरचा सगळ्यात आवडता आलेख हा. छापून टेबलासमोर लावला.

३ सप्टेंबर २०२४

ब्युटेन डायअमाइन. ४,००० ओढी. उंचवटा ०.०००९. जुन्यापेक्षा बुटका आणि रुंद. तीनपैकी साधारण एका ओढीत पायरी, बाकी सरळ उतार. व्होल्टेज ५० केलं, २०० केलं, उंचवटा हलला नाही. वेग चौथाई केला, पायरी अंतरात तेवढीच राहिली. त्यानंतर भांडं धुऊन पुन्हा कोरा द्रावक: मैदान.

०.०००९ म्हणजे चौदा मेगाओहमच्या वर. चार कार्बन, दोन नायट्रोजन, आणि त्यातून इलेक्ट्रॉन पार होण्याची शक्यता हजारात एकाहूनही थोडी कमी. लँडाउअरच्या सूत्राचा अर्थ हाच: वाहकता म्हणजे पार होण्याची शक्यता गुणिले जी-शून्य. हे सूत्र मी एमएस्सीला पाठ केलं होतं. आज ते मोजलं.

फोन कुणालाच केला नाही. आधी हेक्झेन.

१८ सप्टेंबर २०२४

गणपतीत दहा दिवस काम नव्हतं. काल विसर्जन, आज पहाटेपर्यंत मिरवणुका चालू. दुपारी येऊन पेटी उघडली, सिलिका जेल गुलाबी झालेलं, बदललं.

२४ सप्टेंबर २०२४

हेक्झेन: ०.०००१५. दोन पट्ट्यांवर, दोन रात्री. आधी कोरा, मग रेणू, मग पुन्हा कोरा, हा क्रम आता मोडत नाही. ब्युटेन आणि हेक्झेनवरून उतार काढला: दर कार्बनला घातांक ०.९ च्या आसपास, म्हणजे तीच सुमारे अडीचपट घट. वेंकटरामन गटाचा छापील आकडा ०.९१. तरीही मॅडम म्हणाल्या, "दोन बिंदूंतून रेघ कुणालाही काढता येते." बरोबर आहे.

१ ऑक्टोबर २०२४

ऑक्टेन. अपेक्षा ०.००००२४ च्या आसपास, म्हणजे १८० ते १९० पिकोअँपिअर. लाल शाईच्या रेषेच्या अगदी वर. वेग दहाव्या हिश्श्यावर आणला. तिथे काहीतरी फुगवटा दिसतो, पण कोऱ्या द्रावकाच्या आलेखावर ठेवला की दोघांचे पसारे एकमेकांत जातात. आहे म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही. उतारात हा बिंदू घेणार नाही. व्होल्टेज वाढवून आणि ओलाव्याची गळती आणखी कमी करून डिसेंबरात, कोरड्या हवेत, पुन्हा.

७ ऑक्टोबर २०२४

तिसरा बिंदू म्हणून पेंटेन, पाच कार्बनचा. हे कॅडॅव्हरिन, वास ब्युटेनहून वाईट. या वेळी मोजण्याआधी आकडा लिहून ठेवते. ब्युटेन आणि हेक्झेन यांच्या मधोमध, लॉगच्या मापात: ०.०००३७. शाईने लिहिलं, तारीख घातली, सहकारीची सही घेतली.

१० ऑक्टोबर २०२४

पेंटेन, ४,५०० ओढी, एकही वगळलेली नाही. ०.०००३५. आधीचा आणि नंतरचा कोरा द्रावक, दोन्हीकडे मैदान. गटाला नवा आलेख पाठवला, सोबत ३० जुलैचा जुनाही जोडला, १० नॅनोअँपिअरची रेघ आखून.

रात्री आईला फोन केला.